शिल्लक ४,९८० पाउंड, पैकी मंडळाची किती?

डबा क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा होता. जांभळा, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. मराठी मंडळाच्या खजिनदार काकांनी तो जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "यात सगळं आहे. एक पेनी इकडची तिकडे नाही."

ते खरं होतं. तीन संध्याकाळी मी, हिशेब तपासायला बाहेरून बोलावलेली, त्या डब्यातल्या पावत्या, काकांची एक्सेल शीट आणि बँकेची बारा स्टेटमेंट्स समोरासमोर ठेवून बसले. ३१ मार्च २०२२ ची शिल्लक बँकेत ४,९८० पाउंड, शीटमध्येही ४,९८०. आरतीच्या ताटातली चिल्लर काकू दर वेळी मोजायच्या आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायच्या. 'आरती ४१ + पेटी २३' अशा चिठ्ठ्यांवर हळदीची बोटं उमटलेली होती, आणि त्यांची बेरीजही बँकेतल्या भरण्याशी जुळत होती.

हिशेब जुळत होता, तरी चुकलेला होता. तो कसा, हेच इथे मांडायचं आहे. मंडळाची ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, विश्वस्तांना तसं सांगूनच.

मंडळ इंग्लंडच्या मिडलंड्समधलं. शंभरेक घरं, गणपती, दिवाळी, संक्रांत आणि रविवारची मराठी शाळा. सात विश्वस्त, पगारी माणूस एकही नाही. चॅरिटी कमिशनकडे नोंदणी आहे, पण कंपनी नाही, साधी सदस्यांची संघटना. वर्षाची जमा सतरा ते एकवीस हजार पाउंडांच्या घरात. त्यामुळे इतकी वर्षं बाहेरच्या कुणी हिशेब पाहायची वेळच आली नव्हती. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या चॅरिटीज कायद्याने ही रेषा २५ हजारांवर आखली आहे. वर्षाची एकूण जमा त्याच्या वर गेली की 'इंडिपेंडंट एक्झामिनेशन', म्हणजे स्वतंत्र तपासणी लागते. सर्वसाधारणपणे दहा लाखांच्या वर गेली की पुरं ऑडिट. (स्कॉटलंडमध्ये ही सूट नाही, तिथे लहानातल्या लहान संस्थेचे हिशेबही बाहेरच्या माणसाने पाहावे लागतात.) २५ हजारांची ही रेषा ४० हजारांवर नेण्याचं सरकारने आता जाहीर केलं आहे. आमच्या प्रकरणात मात्र जुनीच लागू होती.

आपल्याकडून आलेल्या माणसाला ही मधली पायरी कळायला वेळ लागतो. ट्रस्ट म्हटला की सीए, ऑडिट, शेड्यूल आठ आणि नऊ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे ठरलेले तक्ते), आणि ते सगळं धर्मादाय आयुक्तांकडे, एवढंच आपल्या डोक्यात असतं. इथला एक्झामिनर ऑडिटर नसतो. 'हिशेब खरं आणि योग्य चित्र दाखवतात' असं तो म्हणत नाही. तो एवढंच सांगतो की नोंदी ठेवलेल्या नाहीत किंवा हिशेब नोंदींशी जुळत नाहीत असं वाटायला लावणारं काही माझ्या नजरेस आलं नाही. वाक्य नकारार्थी आहे, आणि ते मुद्दाम तसं आहे. जमा अडीच लाखांच्या आत असेल तर तपासणाऱ्याला पदवीही लागत नाही. तो स्वतंत्र हवा, आणि त्याला पुरेशी जाण आणि अनुभव आहे असं विश्वस्तांना रास्तपणे वाटायला हवं.

२०२१-२२ मध्ये मंडळाची जमा ३३,४१२ झाली. कारण चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. मंडळात चिपळूण-खेडकडची आठ-दहा घरं. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर आवाहन गेलं, 'चिपळूणच्या पूरग्रस्तांसाठी', आणि तीन आठवड्यांत १२,६४० पाउंड जमले. ८,९०० थेट बँकेत, २,३४० ऑनलाइन देणगीच्या संकेतस्थळावरून आणि १,४०० वडापाव-मिसळीच्या स्टॉलवरचे. तो पैसा वगळला तर वर्षाची जमा २०,७७२ भरते, म्हणजे रेषेच्या बरीच खाली. पण मर्यादा एकूण जमेवर मोजतात. हा पैसा आपला नाही, तो पुढे पाठवायचाय, म्हणून मोजायचा नाही, असं चालत नाही. विश्वस्तांना हे डिसेंबर २०२२ मध्ये कळलं, कमिशनचा वार्षिक फॉर्म भरायला बसल्यावर. वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत सगळं पाठवायचं असतं, म्हणजे ३१ जानेवारी.

आधी त्यांनी अध्यक्षताईंच्या दिरांना विचारलं होतं. ते इथले चार्टर्ड अकाउंटंट, माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी. पण विश्वस्ताचा जवळचा नातेवाईक चालत नाही. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी मंडळाची सभासद नाही, पण दोनदा गणपतीला तिकीट काढून गेले आहे आणि मोदक खाऊन आले आहे. ते मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. हसू येईल, पण एक्झामिनरसाठी कमिशनचे जे तेरा निर्देश आहेत, त्यांत हितसंबंध तपासणं आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणं हे दोन्ही आहे.

अजून एक गाठ होती. मंडळाची घटना १९८० च्या दशकातली आणि तीत चक्क 'ऑडिट' हा शब्द. स्वतंत्र तपासणीची सोय कायद्यात आली १९९० च्या दशकात, तोवर लहान संस्थेत कुणी शेजारच्या बँकवाल्याने वही पाहिली तरी त्याला ऑडिटच म्हणायचे. विश्वस्तांनी बैठक घेऊन हा शब्द त्याच सैल अर्थाने वापरलेला आहे असं इतिवृत्तात लिहिलं आणि पुढच्या वार्षिक सभेत दुरुस्ती मांडायचं ठरवलं. जुनी घटना असलेल्या बऱ्याच मंडळांत ही खुंटी निघते. आपली घटना एकदा काढून वाचा.

आता मूळ हिशेब. काकांच्या शीटमध्ये एकच रकाना होता. सुरुवातीची शिल्लक ५,८६०, जमा ३३,४१२, खर्च ३४,२९२, अखेरची शिल्लक ४,९८०. अडीच लाखांच्या आतल्या, कंपनी नसलेल्या संस्थेला असा साधा जमा-खर्च चालतो, ताळेबंद आणि घसारा लागत नाही. नमुन्याचीही सक्ती नाही. पण कमिशनचा सीसी१६ नावाचा तयार नमुना आहे आणि त्यात निधीच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळे रकाने आहेत. मुक्त निधी एकीकडे, विशिष्ट हेतूसाठी दिलेला निधी दुसरीकडे. मी काकांना विचारलं, "यातले पुराचे किती?"

"पुराचे आपण पाठवले की."

"किती?"

"साडेनऊ."

"आणि आले?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, "पण ते बँकेतच आहेत. गेलेत कुठे?"

बरोबर, ३,१४० पाउंड बँकेतच होते. पण त्या दिवसापर्यंत मंडळातला प्रत्येक जण 'आपल्याकडे पाच हजार आहेत' असं म्हणत होता आणि त्या हिशेबाने हॉल ठरवत होता. मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी स्थानिक कौन्सिलने दिलेल्या अनुदानाचंही तेच. वर्षाच्या सुरुवातीला त्यातले १,२०० शिल्लक होते, जानेवारीत ६०० ची पुस्तकं आली, ६०० उरले. म्हणजे ४,९८० मधले ३,७४० बांधलेले. मंडळाचे स्वतःचे १,२४०.

मग मी रोजची शिल्लक काढली. हे कुणी सांगितलेलं नाही, माझी सवय आहे. लहान संस्थेत वर्षअखेरचा एक दिवस काहीच सांगत नाही, सगळ्यात खालचा दिवस खूप सांगतो. ९ नोव्हेंबरला दिवाळी मेळाव्याचा हॉल आणि केटरर यांचे पैसे गेले आणि शिल्लक ३,११२ वर आली. तिकीट विकणाऱ्या साइटने पैसे सोडले २० तारखेला. त्या दिवशी बांधलेला निधी होता पुराचे ३,१४० आणि पुस्तकांचे तेव्हा अख्खे १,२००, मिळून ४,३४०. म्हणजे अकरा दिवस मंडळ १,२२८ पाउंडांपुरतं चिपळूणच्या आणि शाळेच्या पैशावर जगत होतं. फराळाची ऑर्डर त्यातून गेली. पैसे कुणी खाल्ले नाहीत, कुणी पळवले नाहीत, कुणाला कळलंही नाही.

काकांना हे दाखवलं तेव्हा ते उठून आत गेले. काकूंनी चहा आणला. नंतर काका बाहेर आले आणि फक्त म्हणाले, "दुसरं काय काय आहे ते एकदमच सांग."

दुसरं होतं गिफ्ट एड. इथे करदात्याने देणगी दिली आणि घोषणापत्र भरलं, तर संस्थेला दर पाउंडामागे २५ पेन्स महसूल खात्याकडून मिळतात. मंडळाने ५,७२० वर दावा करून १,४३० घेतले होते. त्यांतले २,९२० पुराच्या देणग्यांचे, तिथे घोषणापत्रं व्यवस्थित होती. उरलेले २,८०० म्हणजे दिवाळीची १४० तिकिटं. उत्साही कार्यकर्त्याने तिकिटाच्या पानावर 'देणगी २० पाउंड' असं लिहिलं होतं आणि खाली गिफ्ट एडची चौकट दिली होती. पण वीस पाउंड दिले की प्रवेश, जेवण आणि ऑर्केस्ट्रा मिळतो, ते तिकीटच. नाव देणगी ठेवल्याने ते दान होत नाही. ७०० पाउंड परत करायचे होते.

आणि पुराच्या देणग्यांवर मिळालेले ७३०? ते मंडळाने सर्वसाधारण जमेत घेतले होते. देणगी ज्या निधीची, तिच्यावरचं गिफ्ट एडही त्याच निधीचं, असा रिवाज आहे, देणगी मागताना वेगळं सांगितलं नसेल तर. आवाहनात वेगळं काही नव्हतं. म्हणून ७३० चिपळूणकडे.

पुन्हा वजाबाकी करा. पुराचे ३,१४० अधिक ७३०, म्हणजे ३,८७०. पुस्तकांचे ६००. एकूण ४,४७०. मंडळाचे उरले ५१०, आणि त्यातून सरकारचं देणं ७००. बँकेत ४,९८० असलेल्या मंडळाची स्वतःची निव्वळ शिल्लक उणे १९० होती.

जमा-खर्चाच्या पद्धतीत हे देणं जमा-खर्चात येत नाही, मालमत्ता आणि देण्यांच्या जोडपत्रात येतं. म्हणून ते जोडपत्र शेवटचं पान असलं तरी मी आधी तेच वाचते. सुदैवाने २०२२ चा गणपती भरून पावला होता, त्यामुळे मी तपासायला बसले तेव्हा मंडळाच्या स्वतःच्या खात्यात ७०० भरता येण्याइतकं होतं. ते लगेच भरले.

आता पाठवलेल्या साडेनऊ हजारांकडे येते. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

७,००० एका महाराष्ट्रातल्या नामांकित संस्थेला गेले. त्यांची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याबाबतच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी होती, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यात गेले, पावती आली, पुढे अहवालही आला. परदेशातून आलेलं अंशदान आधी त्याच शाखेत उतरलं पाहिजे, हा २०२० च्या दुरुस्तीतला नियम. तिथे मला विचारायला काही उरलं नाही.

२,५०० मात्र एका विश्वस्तांच्या चिपळूणच्या मावसभावाच्या वैयक्तिक बचत खात्यात गेले होते. माणूस भला. चिखलात उतरून काम केलेला. त्याने भांडी, चटया, वह्या वाटल्या, फोटो पाठवले. रुपयांत हातात आले २,५२,०००, बिलं होती १,८६,४०० ची. उरलेले ६५,६०० आठ घरांना रोख दिले, प्रत्येकी ८,२००. पुरावा म्हणजे दुरेघी वहीच्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. पाच सह्या, तीन अंगठे, एका अंगठ्याखाली 'आजी, पेठमाप' एवढंच.

मला ते पान खरं वाटलं. पण मला वाटण्यावर काही चालत नाही. विश्वस्तांनी पैसे पाठवण्याआधी काय ठरवलं होतं? इतिवृत्तात एक ओळ, 'चिपळूणला अडीच हजार पाठवावेत, सर्वानुमते.' सर्वानुमते म्हणजे त्या विश्वस्तांचंही मत त्यात. नातं नोंदलेलं नाही. पैसे कशावर खर्च करायचे, हिशेब कधी द्यायचा, याचा कागद नाही. परदेशी पाठवलेला पैसा धर्मादाय कामालाच लागेल याची वाजवी काळजी घेतली, हे कमिशनला तर दाखवावं लागतंच, कर-सवलतीसाठी महसूल खात्यालाही.

शिवाय भारताची बाजू. 'आपलेच पैसे आपल्या गावाला' ही भावना कायद्याला ठाऊक नाही. भारतीय पासपोर्टवाल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून गावी पैसे पाठवले तर ते विदेशी अंशदान नव्हे. पण इंग्लंडमध्ये नोंदलेलं मंडळ हा परदेशी स्रोत, मग त्यातले सगळे सभासद सातारचे असोत. सामाजिक कामासाठी त्याच्याकडून पैसे घेणाऱ्याला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. मंडळाने त्या मावसभावाला नकळत अडचणीत टाकलं होतं. विश्वस्तांना मी सांगितलं, आधी त्याला तिकडच्या एखाद्या जाणकार सीएकडे पाठवा, फी तुम्ही द्या, आणि ती पुराच्या निधीतून नको.

मला कमिशनला कळवावं लागेल का, हा प्रश्न दोन रात्री घोळत राहिला. फसवणूक, नियंत्रणाचा गंभीर अभाव, दडवलेले नातेसंबंधातले व्यवहार अशा काही बाबी दिसल्या तर एक्झामिनरने थेट कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, विश्वस्तांच्या परवानगीची वाट न पाहता. माझ्या पुढ्यात दडवणूक नव्हती. विचारताक्षणी नातं सांगितलं गेलं, कागद होते ते सगळे मिळाले, आणि हिशेबाच्या टिपेत हा व्यवहार नात्यासकट लिहायला विश्वस्त तयार झाले. मी कळवलं नाही. कारणं दोन पानं लिहून फाइलला लावली. दुसऱ्या एखाद्या एक्झामिनरने कळवलं असतं तर मी त्याला चूक म्हणाले नसते.

राहिले ३,८७०. ते पडून का होते, याचं उत्तर एका शाळेत होतं. विश्वस्तांना पुरात भिजलेलं तिथलं वाचनालय उभं करायचं होतं. शाळेकडे एफसीआरए नोंदणी नव्हती. ज्या संस्थेला सात हजार दिले तिच्यामार्फत पाठवू म्हणाले, तर २०२० पासून एका संस्थेने विदेशी अंशदान दुसरीला देणंच बंद. पत्रव्यवहार थकला आणि पैसे तसेच राहिले. बैठकीत एक तरुण विश्वस्त म्हणाला, "ताई, आता नवीन कायदा आलाय ना? १२० पाउंडांपर्यंतच्या देणगीदारांना न विचारता दुसरीकडे वापरता येतात." त्याने नीट वाचलं होतं, तरतूद ३१ ऑक्टोबर २०२२ ला लागू झालीही होती. पण ती आवाहनाचा हेतू साधणंच शक्य नसेल तेव्हाची. "चिपळूणमधली गरज संपली का?" मी विचारलं. अध्यक्षताई म्हणाल्या, "नाही हो. दर पावसाळ्यात फोन येतात." मग ठरलं की त्याच नोंदणीकृत संस्थेच्या चिपळूणमधल्या कामाला पैसे द्यायचे, यावेळी एक पानाचा करार करून. मार्चमध्ये ते गेले.

हिशेब नव्याने मांडले गेले, तीन रकान्यांत. मुक्त, पूर, शाळा. विश्वस्तांच्या अहवालात आधी 'मंडळाची आर्थिक स्थिती भक्कम आहे' असं वाक्य होतं, ते काढून ठरावीक राखीव रक्कम किती ठेवायची याचा परिच्छेद आला. मी २७ जानेवारीला सही केली. हिशेब सही होण्याआधीच दुरुस्त झाल्यामुळे माझ्या अहवालात शेरा मारायचं कारण नव्हतं. फक्त वैयक्तिक खात्यात गेलेल्या २,५०० बद्दलच्या टिपेकडे वाचणाऱ्याचं लक्ष वेधलं. सोबत विश्वस्तांना वेगळं पत्र: रोख मोजताना दोन माणसं हवीत, नात्यातल्या व्यवहाराच्या वेळी संबंधिताने बाहेर बसावं, तिकिटाच्या पानावरून 'देणगी' शब्द काढावा. निघताना काकूंनी चकल्यांचा डबा हातात दिला. तो कोणत्या निर्देशाखाली नाकारायचा ते सुचलं नाही, म्हणून घेतला आणि फाइलमध्ये लिहिला.

पुढच्या वार्षिक सभेला मी पाहुणी म्हणून मागे बसले होते. काकांनी पडद्यावर तीन रकाने दाखवले. कुणीतरी उठून म्हणालं, "शाळेच्या रकान्यात ६०० दिसताहेत, तेवढे घालून यंदा मोठा हॉल घेऊ या की." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती पुस्तकं आहेत," ते म्हणाले, "अजून यायची आहेत एवढंच." आणि पुढची स्लाइड लावली.